रहिमतबीनं न भरलेला चुडा

“चूड़ियाँ वहीं स्टूल पर रख दो. हम लोग पहना लेंगे,” मी रहिमतबीला म्हणाले.

रहिमतबीनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, तिच्या पाठीमागं कुणी उभं आहे आणि मी त्याच्याशी बोलतेय. मागं कुणी नव्हतं. लखनौत अलीगंजातल्या आमच्या घराचं फाटक होतं, फाटकावर झेंडूच्या माळा होत्या आणि पलीकडं डिसेंबरातलं धुकं होतं. मग तिनं परत माझ्याकडं पाहिलं. बारा वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी मराठीशिवाय दुसरं काही बोललो नव्हतो. मला जे काही हिंदी येत होतं ते तिनंच शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या नातीचं, स्नेहलचं लग्न होतं. त्या सकाळी हिरवा चुडा भरायचा होता. व्हरांड्यात आणि आतल्या खोलीत मिळून तीसएक बायका असतील. अमरावतीहून आलेल्या विहीणबाई चहाचा कप धरून माझ्या शेजारी उभ्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. धुक्यामुळं त्यांची गाडी नऊ तास उशिरा आली होती, तरी साडीची घडी मोडलेली नव्हती. फाटकातून रहिमतबी आत आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “ह्या कोण?” कुणीही नवीन माणूस दिसल्यावर विचारावं तसं विचारलं. त्यावर मी ते हिंदीतलं वाक्य बोलले. मला ते बोलायला कुणी लावलं नव्हतं.

एरवी रहिमतबी सलवार-कमीज आणि ओढणी घालायची. त्या दिवशी ती इरकली लुगडं नेसून आली होती. ट्रंकेतल्या घड्या त्यावर तशाच उमटलेल्या होत्या. बांगड्यांची पेटी नव्या पांढऱ्या फडक्यात बांधली होती. तिनं ती स्टूलावर ठेवली, गाठ सोडली, कागदात गुंडाळलेले दोन हातांचे दोन चुडे काढून ठेवले आणि फडकं परत बांधलं. “जी, अच्छा,” म्हणाली. फाटक लावून घेतलं आणि गेली.

ही झाली गोष्ट. आता ती बाई कोण होती ते सांगते. विहीणबाईंनी विचारलं तेव्हाच ते सांगायला हवं होतं.

मी सेलूची, परभणी जिल्ह्यातली. चौथी शिकलेय. मालक गेल्यावर, २००३ साली, मुलगा मला लखनौला घेऊन आला. तो बँकेत. सून सुनंदा शाळेत शिकवायची, स्नेहल तेव्हा बारा वर्षांची. नात माझं सगळं समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. “आजी, खाना लगा दूँ?” असं. सकाळी तिघं घराबाहेर पडले की संध्याकाळपर्यंत मला बोलायला कुणी नसायचं. भाजीवाला दारात आला की मी बोटानं दाखवायची आणि तो देईल ते घ्यायची. तीन महिने मी मुकी राहिले. तोंड असून मुकं राहणं काय असतं ते परमुलखात राहिल्याशिवाय कळत नाही.

नवरात्र आलं. देवीची ओटी भरायला हिरव्या बांगड्या हव्या होत्या. मी एकटीच बाजारात गेले. एका मोठ्या दुकानात गेले तर दुकानदार पोपटी दाखवी, चमचम लावलेल्या दाखवी, माझ्या मोकळ्या हातांकडं बघून लाखेच्या दाखवी. मी नुसती मान हलवत होते. कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली एक अरुंद गाळा होता. तिथून आवाज आला, “काय हुडकायलाव बाई? देवीला पाहिजेत का घरात कुणाला?”

‘हुडकायलाव.’ आमच्या परभणीकडचं बोलणं. मी पायरीवरच बसले. त्या गाळ्याची पायरी एका बाजूनं फुटलेली होती, ती मला टोचली, तरी उठले नाही. जिन्याखाली वाकून बसलेली, पन्नाशीची, काळीसावळी, समोरचे दोन दात पुढं आलेली बाई माझ्याकडं बघून हसत होती. मी गाव विचारलं. जिंतूर म्हणाली. सेलूपासून जिंतूर केवढं ते. मी तिच्यावरच खेकसले, “मग इतके दिवस कुठं होतीस?” ती म्हणाली, “इथंच हाय की. तेहतीस वर्षं झाली. तुम्हीच उशीर केलाव.”

तिचा बाप जिंतूरला बांगड्या भरणारा मण्यार. फिरोजाबादच्या बांगड्या घेऊन लखनौचा एक माणूस वर्षातून दोनदा तिकडं यायचा. त्याच्याशी तिचं लग्न लावून दिलं, तेव्हा ती सोळाची. मी भेटले तेव्हा तो माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती आणि गाळा ती एकटी चालवत होती. तिच्या मुलांना मराठी कळायचं, बोलत कुणी नव्हतं. “घरात मी बोलले की पोरं हसतात,” ती म्हणायची. “मग मी बांगड्यांशीच बोलते.”

तिचं काम बघण्यासारखं होतं. ती बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची आणि काही तरी विचारायची. पोरं किती, काल भाजी कुठली केली, सासू काय म्हणते. बाई सांगायला लागली की हात सैल पडायचा आणि बांगडी आत गेलेली असायची. साबण, तेल, पिशवी असलं काही तिनं कधी वापरलं नाही. साबण लावून बांगडी घालायची तर घरी मोरीत बसून घाला, म्हणायची. माप तंग भरायची. तंग भरली की मनगटाला शोभते आणि कामात आपटत नाही, असं तिचं म्हणणं. हाताचं माप ती एकदा धरलं की विसरायची नाही. नावं मात्र तिच्या लक्षात राहायची नाहीत. माणसं तिच्या डोक्यात मापानं राहायची. सव्वादोन, अडीच, दोनला थोडं वर.

हातावरून तिला आणखी पुष्कळ कळायचं. पहिल्या दिवाळीला मी सुनंदाला तिच्याकडं नेलं. बांगड्या भरून झाल्यावर सुनंदा पैसे द्यायला पुढं गेली तेव्हा रहिमतबी मला हळूच म्हणाली, “अक्का, सूनबाईचा हात लई आखडलाय. तुम्ही घरात फार बोलताव वाटतं.” मला राग आला. घरी येईपर्यंत राग होता. पण त्यानंतर मी सुनंदाला स्वयंपाकावरून बोलणं कमी केलं, हे खरं आहे.

माझ्या मोकळ्या हातांत तिनं दोन-दोन तपकिरी बांगड्या घातल्या. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, मोकळ्या हातानं थापली तर भाकरीला आवाज येत नाही, आणि आवाज नाही तर घरात कुणी आहे हे कळायचं कसं. आमच्याकडं बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला नमस्कार करायची पद्धत आहे. मी वयानं तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तरी केला. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि तो घेतला. लखनौच्या बायका बांगड्या भरून तशाच उठून जातात, याचं तिला बारा महिने वाईट वाटायचं. “नमस्काराशिवाय उठली की मला वाटतं, काम अर्धंच झालं,” म्हणायची.

हिंदी तिनं मला असंच पायरीवर बसवून शिकवलं. तिची पहिली शिकवण ही, की लखनौत ‘रख दो’ म्हणायचं नाही, ‘रख दीजिए’ म्हणायचं. रिक्षावाला असो, झाडूवाली असो, आपण ‘आप’ म्हणायचं. इथं दोन माणसं भांडतात तीसुद्धा ‘आप’ म्हणून. मी म्हटलं, आमच्या सेलूत कलेक्टरलासुद्धा कुणी इतका मान देत नाही. ती म्हणाली, म्हणून तर तिकडं कलेक्टर टिकत नाही. महिन्याभरात मी भाजीवाल्या भैयाशी भाव करायला लागले. तो मला माताजी म्हणायचा. घरात मुलगा थक्क झाला.

पण तिनं माझ्यासाठी खरं काय केलं ते वेगळंच आहे. उत्तरेकडं नवरी लाल चुडा घालते. हिरव्या बांगड्या इकडं श्रावणात चालतात. श्रावण नसताना एखादी बाई साध्या, बिनचमकीच्या हिरव्या बांगड्या मागायला आली की रहिमतबी लगेच विचारायची, कुठलं गाव. ती बाई निघायची सोलापूरची, नाही तर साताऱ्याची. अशा बायका तिनं वर्षानुवर्षं डोक्यात जमवून ठेवल्या होत्या. त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. कुणाचा नवरा संशोधन करणारा, कुणाचा बँकेत, कुणी विमानतळावर नोकरीला म्हणून अमौसीकडं राहणारी. सगळ्या आपापल्या घरात माझ्यासारख्याच मुक्या.

तिनं मला पाठवायला सुरुवात केली. “अक्का, पाण्याच्या टाकीमागं पिवळं घर आहे. सव्वादोन माप, सोलापूरची. जाऊन या.” मी गेले. दार उघडलं तर चष्मा लावलेली, शिकलेली बाई. मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, “मी परभणीकडची. तुम्हाला गौरीला हिरव्या बांगड्या लागल्या होत्या ना?” ती आधी घाबरली. मग तिनं मला आत ओढून घेतलं आणि शेंगादाण्याची चटणी पुढं ठेवली. ती मंदाकिनी. तिचे यजमान संशोधन संस्थेत मोठे शास्त्रज्ञ होते. मग मी निशातगंजात एका जिन्यावर तिसऱ्या मजल्यावर चढले, तिथं ‘दोनला थोडं वर, नाशिक’ होती. असं करत दोन वर्षांत मी चौदा घरं शोधली. चैत्रात मंदाकिनीकडं पहिलं हळदीकुंकू झालं. पन्ह्याचे पेले कमी पडले. बायका एकमेकींची गावं विचारत होत्या आणि मध्येच रडत होत्या. मला रडणं जमत नाही. मी डाळ वाढत होते.

तेव्हापासून दर वर्षी सणावारी सगळ्या जमायच्या. त्याला मंडळ म्हणू लागले. सगळ्या मला मान द्यायच्या, कारण सगळ्यांच्या दारात पहिल्यांदा मी गेले होते. शिकलेल्या बायका मला खुर्ची द्यायच्या. मला ते आवडायचं. ह्या बायका तुम्हाला कशा सापडल्या, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, “शोधल्या.” रहिमतबीचं नाव मी पहिल्या एक-दोन वर्षांत घेतलं, नंतर घेतलं नाही. हळदीकुंकवाला ती यायची. व्हरांड्यात बसून बांगड्या भरायची, ओटीतला नारळ घ्यायची आणि दुकान आहे म्हणून निघायची. तिला आत ये असं कुणी म्हणत नव्हतं. येऊ नको असंही कुणी म्हणत नव्हतं. हे मला आता दिसतं. तेव्हा मी आत पाट मांडत असायची.

२००९ साली माझ्या पुतण्याचं लग्न होतं आणि तिचा भाऊ आजारी होता. आम्ही दोघी मिळून निघालो. मनमाडपर्यंत मुंबईची गाडी, तिथून बदलायची. कानपूर गेलं आणि ती उभी राहिली. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि मोठ्यानं विचारत गेली, “कुणी आपल्याकडचं आहे का हो?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडावर पदर घेऊन बसले. ती परत आली तेव्हा तिच्या मागं पाच बायका आणि एक म्हातारेबुवा होते. जळगावच्या दोन, नगरची एक, असं काय काय. भोपाळपर्यंत आमच्या दोन बाकांवर भाकरी, ठेचा, पेरू, पोरांची भांडणं, सगळं सुरू झालं. तिनं पेटी उघडली आणि चालत्या गाडीत बांगड्या भरल्या. गाडी इतकी हलत होती, तरी एक बांगडी वाढली नाही; बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही. भुसावळला जळगावच्या बायका उतरायला उठल्या, तेव्हा त्यांनी वाकून तिला नमस्कार केला. बाजूच्या बाकावरचा एक उत्तरेकडचा माणूस मला विचारू लागला, ये कोई गुरुमाता हैं क्या? मी म्हटलं, “हाँ, हैं.”

मनमाडला उतरलो तर फलाटावर हमाल मराठीत भांडत होते. ती सामानावर बसली आणि ऐकत राहिली. मी म्हटलं, चल, गाडी सुटेल. ती म्हणाली, “थांबा अक्का, किती दिवसांनी चांगल्या शिव्या ऐकायल्येय.”

पुतण्याचं लग्न झाल्यावर मी जिंतूरला तिच्या भावाकडं एक दिवस राहिले. तिच्या भावजयीनं मला नव्या ताटात वाढलं. ताटावरची किमतीची चिठ्ठी अजून निघालेली नव्हती. मी मुसलमानाच्या घरच्या ताटात जेवेन की नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम नवं आणलं होतं. मी पिठलं-भाकरी खाल्ली, परत मागून घेतली. त्यांच्या बाजेवर झोपले. तिथं भावासमोर ती म्हणाली, “अक्काच्या नातीचा चुडा मीच भरणार. तेवढा शब्द द्या.” मी दिला. भावानं तिला सांगितलं, आपल्याकडच्या पोरीचा चुडा आहे, नीट भर. म्हणजे स्नेहल त्या घराची सुद्धा पोर झाली.

स्नेहल पुढं शिकली, नोकरीला लागली, लग्न ठरलं. ठरल्याचं मी सगळ्यात आधी रहिमतबीला जाऊन सांगितलं. तिनं दुकानातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या आणि नाक मुरडलं. सगळ्यांवर चमकी. ती साठीच्या पुढची बाई बसमध्ये बसून फिरोजाबादला गेली आणि भट्टीवर उभी राहून साध्या, गर्द हिरव्या, एकही बुडबुडा नसलेल्या बांगड्या घेऊन आली. मला दाखवल्या नाहीत. चुड्याच्या दिवशीच बघा, म्हणाली.

आणि चुड्याच्या दिवशी मी काय केलं ते सुरुवातीलाच लिहिलंय.

का केलं, तेही लिहिते. विहीणबाईंचं इस्त्रीचं बोलणं, अमरावतीहून आलेल्या त्यांच्या सगळ्या शिकलेल्या बायका. सकाळपासून मी घाबरलेली होते. चौथी शिकलेली आजेसासू, हिचं घर कसलं, असं त्यांना वाटू नये म्हणून मी तोंड मिटून होते. तेवढ्यात रहिमतबी फाटकातून आली. डोक्यावर पेटी, पुढं आलेले दोन दात, तोंडभर हसू. तिनं तोंड उघडलं की ती “अक्का” म्हणून हाक मारणार होती. ती हाक त्या बायकांपुढं यायला नको होती. ती मुसलमान होती म्हणून, आणि ती जिन्याखाली बसणारी होती म्हणून. दोन्ही. त्यातलं कुठलं जास्त होतं ते मला अजूनही सांगता येत नाही. हाकेच्या आधी मी बोलले. तेही ‘रख दो’.

व्हरांड्यात मंदाकिनी होती. नाशिकची होती. सगळ्या तिला ओळखत होत्या. मंदाकिनीनं ताटलीतला पोह्यांतला शेंगादाणा बोटानं बाजूला केला आणि परत आत ढकलला. त्यांतली कुणीही तिला थांबवू शकली असती. पण यजमानीण मी होते. त्यांचं नाव इथं मधे आणून माझी चूक काही कमी होत नाही.

चुडा सुनंदानं आणि मंदाकिनीनं मिळून भरला. मी विधवा, मला भरता येत नव्हता. माप तंग होतं. साबण लावला तरी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकेना. पहिली वाढली, मग आणखी. पाच बांगड्या वाढल्या. स्नेहलच्या अंगठ्यापाशी काच लागून रक्त आलं. ती ओठ दाबून बसली होती. मग म्हणाली, “आजी, रहिमत नानी क्यों नहीं आईं?”

मी म्हटलं, आली होती, घाईत होती, ठेवून गेली.

संध्याकाळी विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मऊ आवाजात म्हणाल्या, “आजी, एक विचारू का? तुमच्याकडे चुडा घरच्या बायकाच भरतात का? आमच्याकडे मण्यारीणच लागते. माझा चुडा आमच्या गावच्या आमिनाबीनं भरला होता. तिला नमस्कार करून मगच उठले मी पाटावरून.” सकाळी आलेल्या बाई मण्यारीणच होत्या ना, असंही त्यांनी विचारलं. कोण आहेत, कुठल्या आहेत, मराठी बोलतात का. तसं असेल तर उद्या बोलावू या, म्हणाल्या.

मी म्हणाले, “नाही. इथलीच आहे. तिला मराठी येत नाही.”

एकदा तोंडातून खोटं गेलं तर ते तिथं थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही.

लग्न झालं. सासरी निघायच्या आदल्या दिवशी स्नेहल नवऱ्याला घेऊन बाजारात गेली. तासाभरानं आली तेव्हा तिच्या हातातला चुडा पुरा होता. पाच बांगड्या नव्यानं भरलेल्या होत्या, त्या ओळखू येत होत्या, कारण त्या नीट बसल्या होत्या. ती माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. जाताना पाया पडली, एवढंच. त्या वेळी माझ्याकडं बघितलं नाही.

वीस दिवसांनी मी गाळ्यावर गेले. तोपर्यंत रोज उद्या जाईन म्हणत होते. वाटेत मी ठरवलं होतं काय म्हणायचं. मला वाटलं होतं, रहिमतबी तोंड फिरवेल. किंवा हिंदीत बोलेल. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “या बाई. बसा. लग्न नीट पार पडलं ना?”

अक्का म्हणाली नाही. बाई म्हणाली. पहिल्या दिवशी, ओळख नसताना, म्हणाली होती तसं.

मी पार पडलं म्हटलं. ती हातातल्या बांगड्या दोऱ्यात ओवत होती. म्हणाली, पोरगी आली होती, जावई चांगला आहे, नमस्काराला वाकला तोसुद्धा. मग विचारलं, “पाच वाढल्या म्हणे.”

मी मान हलवली.

“माझी चूक झाली,” ती म्हणाली. “माप तंग आणलं होतं मी. माझ्या हातानं गेलं असतं. दुसऱ्या कुणी भरायचं तर एक माप मोठं लागतं. पण मला काय माहीत.”

ती टोमणा मारत नव्हती. ती टोमणे मारायची तेव्हा हसायची. हे ती खरंच कामाचं बोलत होती. चूक तिचीच झाली असं तिनं ठरवलं होतं आणि तेच तिनं वीस दिवस मनात धरलं होतं. मी तिथं बोलायला हवं होतं. ठरवून आलेलं सगळं तोंडात होतं. मी म्हणाले, “थंडी फार आहे यंदा.”

“हो बाई,” ती म्हणाली.

एक गिऱ्हाईक आलं. मी उठले. पायरी उतरताना ती मागून म्हणाली, “फुटलीय तिथं. बघून.”

त्यानंतर मी त्या बाजूला गेले नाही. बाजाराला जायचं तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची. चैत्रातलं हळदीकुंकू झालं त्याला ती आली नाही. कुणी विचारलंही नाही. रेडीमेड बांगड्यांचे डबे आणले आणि बायकांनी आपापल्या घालून घेतल्या.

२०१७ साली मुलगा निवृत्त झाला आणि आम्ही पुण्याला यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी ई-रिक्षातून औषधं आणायला निघाले होते. रिक्षा त्या कापडाच्या दुकानापुढं गर्दीत अडकली. जिन्याखालचा गाळा समोरच होता. रहिमतबी स्टूलावर बसली होती, केस पुष्कळ पांढरे झालेले. समोर पायरीवर एक तरुण बाई, जीन्स घातलेली, पाठीला लॅपटॉपची बॅग. तिचा हात रहिमतबीच्या हातात होता आणि ती बाई भडाभडा बोलत होती. शब्द मला ऐकू येत नव्हते. पण ओठ कसे हलतात त्यावरून बोली कळते. रहिमतबीनं तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि दुसऱ्या हातानं रस्त्याच्या टोकाकडं बोट दाखवून काही सांगितलं. कुठं वळायचं, कितवं घर, ते. ती मुलगी हसली आणि बांगडी आत गेली.

रिक्षावाल्यानं विचारलं, “माताजी, यहाँ रुकना है?”

मी म्हटलं, “नहीं. आगे चलिए.”

स्नेहल आता सांगते की गाळा बंद झाला, मुलांनी तिला आपल्याकडं नेलं. कुठं ते तिला माहीत आहे. मला तिनं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

इथं पुण्यात आमच्या सोसायटीतल्या बायकांना मी एकदा हे सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या आजी, तुम्ही केवढं मनाला लावून घेतलंत, तुम्हाला किती त्रास झाला असेल. मला समजावत बसल्या. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मला काही झालं नव्हतं. मी माझ्या घरच्या व्हरांड्यात, माझ्या माणसांत, चहा घेत उभी होते. इरकली लुगडं नेसून फाटकात उभी होती ती रहिमतबी. ते तिनं सोसलं.